बडगी थोरल्याची, मुसळी धाकट्याची

मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून मित्रांनो म्हणते. नाहीतर तुमच्यापैकी कुणी मला कधी जवळ केलंय असं मला आठवत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबड्यांना पाणी ठेवलेलं ते लाकडी काहीतरी, ज्याला येता-जाता तुमचा पाय लागतो आणि पाय तुमचा लागला तरी शिवी ज्याला मिळते, ती मी. मी बडगी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच.

फैजपूरकडच्या माणसाला बडगी काय हे सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगते. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी साली काढून ज्यात कुटतात, ती लाकडाची कोरलेली लांबट होडी म्हणजे बडगी. कुटते ती मुसळी. मुसळीशिवाय बडगी म्हणजे जिभेशिवाय तोंड.

आम्ही दोघी एका खोडाच्या. सातपुड्यातलं अंजनाचं झाड, लोखंडासारखं. युसूफ मिस्तरी तेव्हा तरणे होते. त्यांनी मला ओसरीवर बसून कोरलं आणि उरलेल्या गाभ्यातून मुसळी काढली. घरात मंजुळाबाई नवी सून आलेली. ती दाराआडून म्हणाली, "मिस्तरीभाऊ, मुसळी लांब ठेवा. वाकू वाकू कंबर जाते."

"भाभी, इतकी लांब केली तर लोक म्हणतील, सुनेनं काठी मागितली."

"म्हनू द्या. म्हातारपनी कामी येईन."

मिस्तरी हसले आणि मुसळी कमरेएवढी ठेवली. उभ्यानं कुटता येईल अशी.

मग माझे दिवस आले. केळीच्या बागांवर थंडी उतरली की घर डोंगरावर निघायचं. बैलगाडीत खाली कडबा, त्यावर मी, माझ्या पोटात वांगी, कांद्याची पात, मिरच्या, शेंगदाण्याची पुरचुंडी. कधी उनपदेवला, जिथं गायमुखातून ऊन पाणी पडतं आणि पोरं त्याखालून निघायला मागत नाहीत. कधी पालच्या जंगलात, सुकी नदीच्या काठी. एकदा तर एसटीच्या टपावर बसून थेट तोरणमाळला गेले. तळ्यावरचं धुकं पाहिलं. कंडक्टर विचारत होता, "हे काय, पाळणा नेता का देवाला?" पण घरचं, हक्काचं ठिकाण एकच, मनुदेवीचा डोंगर. वरून धबधब्याची बारीक धार, खाली नाला, नाल्याच्या काठी आमची चूल.

जाताना वांगी गोणीत घालून मंजुळाबाईची दोन पोरं माझ्यात बसायची. जीवराम थोरला, कौतिक धाकटा. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. "होडी चालली, होडी चालली," म्हणत मला डुलवायची. येताना दोघं माझ्यातच झोपायची. त्यांच्या केसांना धुराचा वास असायचा, माझ्या लाकडाला लसणाचा. मंजुळाबाई आणि तिची जाऊ कुटायला उभ्या राहिल्या की एकाच मुसळीवर एकीचा हात वर, दुसरीचा खाली, आणि मंजुळाबाई गायची:

बडगी माझी माय, मुसळी तिची लेक
दोघींच्या बोलन्यात घर माझं एक

हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. चांगले दिवस आठवले की मला राग येतो.

पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. जीवरामची यशोदाबाई, कौतिकची ताईबाई. मंजुळाबाईचे मालक गेले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एक दिवस दोघे भाऊ बांधावर भांडले, आणि ते भांडण घरी आलं ते परत गेलंच नाही. पंच बसले, वाटणी झाली. मळा मधोमध, घर मधोमध. ओसरीवर भिंत उभी राहिली. माय एक महिना याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं. भांडी वाटून झाल्यावर अंगणात आम्ही दोघी राहिलो.

"बडगी मोठ्याची," जीवराम म्हणाला.

"ने ना भाऊ," कौतिक म्हणाला. "मुसळी मी ठेवतो. पाहू कशानं कुटतो ते."

"तू कशात कुटशीन? तुह्या डोक्शात?"

"त्यात जागा हाये तरी. तुह्यात तं भुसा भरेल हाये."

पंच हसले. मित्रांनो, त्या हसण्याचा राग मला भावांच्या भांडणाहून जास्त आहे. पंचांपैकी एकानं जरी म्हटलं असतं की अरे, या दोघी एकालाच द्या, तर मी आज अख्खी असते. पण चार माणसं मजा बघत होती, आणि मजा बघणाऱ्या माणसाला लाकूड दिसत नाही.

मला जीवरामनं माळ्यावर टाकलं. वर्षभर तेलाचं बोट नाही. अंजन झालं म्हणून काय, कोरडं पडलं की लाकूड आतून बोलायला लागतं. रात्री माझी शीर तडतडायची. यशोदाबाईला वाटायचं उंदीर आहे. भिंतीपलीकडं मुसळी दाराला आडणा म्हणून, अडसरासारखी लावलेली. रोज संध्याकाळी ती आडवी पडल्याचा आवाज यायचा. माझी लेक, आणि तिला दारवान केलेलं.

थंडी आली की दोन्ही घरं मात्र मनुदेवीलाच जायची. त्याच रविवारी. ठिकाण बदललं तर दुसरा म्हणेल घाबरला. इकडून जीवरामचा ट्रॅक्टर, तिकडून कौतिकची भाड्याची जीप. नाल्याच्या या थडीला एक चूल, त्या थडीला एक चूल. दोघांची पोरं मध्ये पाण्यात एकमेकांवर खडे मारायची. आयांनी तेच शिकवलेलं.

इकडं यशोदाबाई माझ्यात तांब्यानं वांगी चेचायची, तिकडं ताईबाई मुसळीनं घमेल्यात कुटायची. घमेलं असं वाजायचं की धबधब्याची माकडं पळून जायची.

"अक्का, तुमच्या बडगीची तब्येत बरी नाही का?" ताईबाई पलीकडून विचारायची. "आवाज येत नाही."

"आमच्या बडगीले खानदान हाये, माय. घमेल्यासारखी गावभर बोंबलत नाही ती."

"बोंबलते तं बोंबलू द्या. मुकी तं नाही."

"व्हय, तुह्याकडं काहीच मुकं नाही, ते आम्हाले ठाऊक हाये."

दोन्हीकडचं भरीत गाठी-गाठींचं व्हायचं. दोन्हीकडचे लोक ते चाटून पुसून खायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, वा, काय झालंय. मंजुळाबाईला ते खाता येईना. तिचे दात गेले होते. बडगीत मुसळीनं घोटलेलं लोण्यासारखं भरीत तेवढं तिच्या तोंडात विरघळायचं. ती कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा मऊ तुकडा पाण्यात बुडवून चघळत बसायची आणि दोन्ही थड्यांकडं पाहायची.

मग तो शेवटचा रविवार आला. तो महिना मायचा जीवरामकडं होता. ट्रॉलीत ती माझ्याशेजारी बसली, माझ्या कोरड्या काठावर हात ठेवून. उतरल्यावर ती या थडीला बसली नाही, त्या थडीला गेली नाही. नाल्याच्या मधोमध एक सपाट काळा दगड आहे, पाय भिजवत त्यावर जाऊन बसली.

"माय, तठी काय करतं? सर्दी होईन," जीवराम ओरडला.

"मी आज बडगीतलं भरीत खाईन. मुसळीनं कुटेल. नाही तं उपाशी जाईन."

दोन्ही थड्या ऐकत होत्या.

"मुसळी त्याच्याकडं हाये," जीवराम म्हणाला. "त्यानं आनून द्यावं."

"त्यानं मागावं," कौतिक पलीकडून म्हणाला. "मागतलं तं आत्ता देतो."

"मी कायले मागू? मोठा मी हाये."

"मंग मोठेपन कुट बडगीत."

मित्रांनो, एक शब्द होता. 'दे' एवढाच. त्या शब्दाला पाण्यातनं जायला पाच पावलं लागली असती. तो शब्द कुणाच्या तोंडातून निघाला नाही. मंजुळाबाईनं दगडावरून अक्षय तृतीयेची आठवण काढली, "अखाजीले बाया नदीच्या दोन थड्यांवर उभ्या राहून गाळी देतात. दिवस बुडला का गाळ्यांचा बार सरतो, आन त्याच बाया एकमेकीच्या घरी चुलीले ईस्तो मागाले जातात. तुमचा बार कधी सरीन रे?"

 वांगी भाजून तयार होती, वाफाळत माझ्यात पडली होती. आणि तिकडून ताईबाई, बोलायला नको तेव्हाच, बोलली, "अक्का, तांब्या आनला का यंदा, का तोही पोचे पडून गेला?"

यशोदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. जीवराम उठला. ट्रॉलीत चूल खणायला आणलेली लोखंडी पहार होती. ती त्यानं दोन्ही हातांनी उचलली.

"बाबा, नका," असं कुणी तरी म्हटलं. मीही म्हटलं, पण माझं कोण ऐकतं.

पहिला घाव वांग्यांवर बसला. दुसरा माझ्यावर. तिसऱ्याला मी, जी एवढी वर्षं आतल्या आत तडतडत होते, एकदाच बोलले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो आवाज धबधब्याच्या कड्यावर आपटून परत आला. माझ्या दोन फाकी दोन बाजूंना पडल्या आणि भरीत मातीत सांडलं.

जीवराम पहार धरून उभाच राहिला.

"झालं मन भरून?" कौतिक ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "घे. घे आता मुसळी. घे." आणि त्यानं ती फेकली. रागानं फेकली, खोटं कशाला सांगू. ती पाण्यावरून गिरकी घेत आली आणि माझ्याजवळ मातीत रुतली. घमेल्यात कुटून तिचं तोंड चपटं झालं होतं, आडण्याला लागून पाठ सोलली होती. एवढ्या वर्षांनी आम्ही माय-लेकी भेटलो त्या अशा.

मंजुळाबाई दगडावरून उठली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिनं माझा एक अर्धा भाग उचलला आणि जीवरामच्या हातात दिला. दुसरा उचलला, नाला ओलांडला, कौतिकच्या हातात दिला.

"आता झाली बराबर वाटनी. कोनाले कमी नाही, कोनाले जास्ती नाही."

मग परत येऊन तिनं मुसळी मातीतून ओढून काढली आणि लुगड्यानं पुसली.

"आन हे माही. म्या मिस्तरीकडून मागून घेतली व्हती."

मुसळी टेकत ती पायवाटेला लागली.

"माय, ट्रॉलीत बस," जीवराम म्हणाला.

"माय, जीपीत ये," कौतिक म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले. कित्येक वर्षांत त्या दोघांनी पहिल्यांदाच एकाच वेळी एकच गोष्ट म्हटली होती, आणि ती कुणी ऐकली नाही. माय उपाशीच चालत राहिली. डोंगरातून खाली यायला रस्ता एकच. तिच्यामागं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागं जीप, तिच्या पावलांच्या चालीनं. कुणी हॉर्न वाजवला नाही. आडगावच्या फाट्यावर ती दम घ्यायला थांबली, तेव्हा दोन्ही गाड्या थांबल्या. ती निघाली, तेव्हा निघाल्या. पोरं टकामका बघत होती.

भाऊ त्या दिवशी बोलायला लागले असं तुम्हाला ऐकायचं असेल, तर माफ करा. नाही लागले. मला जीवरामनं कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलं. फाकीची उघडी बाजू त्यानं पत्रा ठोकून बंद केली. दुसरी अर्धी कौतिकच्या परसात काय करते, मला ठाऊक नाही. तीही तुम्हाला आपली गोष्ट सांगत असेल. तिच्या गोष्टीत पहार वेगळ्या हातात असेल कदाचित.

तुमच्याकडं मागणं आहे ते तुम्हाला आवडणार नाही. भांडायचं तर भांडा, मी काही भांडू नका म्हणत नाही. जाळ हवाच असतो, त्याशिवाय वांगंसुद्धा भाजत नाही. पण ज्या दोन गोष्टी एकमेकींशिवाय मुक्या होतात, त्यांना दोन घरांत नेऊ नका. आणि वाटणीला कुणी हसत असेल तर त्याला आधी अंगणाबाहेर काढा.

माय अजून आहे. महिना इकडं, महिना तिकडं. तिची खाट जिकडं असेल तिकडं मधल्या भिंतीला लागूनच. भाऊ पाण्याच्या पाळीवरून भांडायला लागले की ती पडल्या पडल्या मुसळी उचलते आणि भिंतीवर घालते. धबक. दोन्ही घरं गप्प होतात. इकडं माझ्यातलं पाणी हलतं, आणि मला वाटतं तिकडच्या अर्धीतही काहीतरी हलत असेल.

ती भिंतच कुटतेय आता. मऊ व्हायला वेळ लागेल. वांगं भाजलेलं होतं, भिंत अजून कच्चीच आहे.