दार बाहेरच्या बाजूस उघडावे

"संस्कृती म्हणजे काय? संस्कृती म्हणजे दार! आणि दाराचं कर्तव्य एकच, वेळेला उघडणं!"

असे उद्गार काढून अग्निशमन खात्याच्या निवृत्त निरीक्षकांनी समोरचे दार जोरात ढकलले. दार उघडले नाही. त्यांनी खांदा लावला. तरी नाही.

"ओढायचं आहे, भावजी," मागून मेहुणा म्हणाला. "पाटीवर लिहिलंय."

निरीक्षकांनी दार ओढले, ते आज्ञाधारकपणे उघडले. मग त्यांनी काखेतली फाइल काढली, पहिल्या कलमापुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "बाहेरून ओढायचं म्हणजे आतून ढकलायचं. म्हणजे दार बाहेरच्या बाजूस उघडतं. नियमाप्रमाणे. उत्तम!"

स्वतःच्या फजितीची नोंद समोरच्याच्या गुणांत करण्याची ही कला चौतीस वर्षे सरकारी नोकरी केल्याशिवाय येत नाही.

दोघांच्या मधे निरीक्षकांची बायको उभी होती. दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून. ती म्हणाली, "साहेब, नीट बघा हं सगळं. नाहीतर लागायची आग."

नवऱ्याला 'साहेब' म्हणणे ही तिची जुनी खोड. पूर्वी ती शेजारणींना सांगायची, 'कुणाचा नवरा बढतीची वाट बघतो, कुणाचा पेन्शनची. आमचे हे आग लागायची वाट बघतात.' शेजारणी हसायच्या. निरीक्षकही हसायचे आणि हसता हसता शेजारणींच्या जिन्यातली सायकल काढायला लावायचे.

आता ती शेजारणींना ओळखत नव्हती. डिमेन्शियाला दीड वर्ष झाले होते. 'साहेब' तेवढा शिल्लक होता. आणि एक वाक्य शिल्लक होते : "मला घरी जायचंय."

घरातच उभ्या असलेल्या माणसाने 'मला घरी सोडा' म्हटले तर त्याला नेमके कुठे सोडायचे, याचे उत्तर निरीक्षकांच्या कुठल्याच नियमपुस्तकात नव्हते. बायकोने उत्तराची वाट पाहिली नाही. ती निघाली. पहिल्यांदा पेट्रोल पंपावर सापडली, खुर्चीत ताठ बसलेली. तपासणीला कुणी बाई आल्यात असे समजून तिथल्या लोकांनी तिला चहासुद्धा पाजला होता. दुसऱ्यांदा हमरस्त्याच्या मधोमध सापडली, भर दुपारी, अनवाणी. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून सापडली, एवढेच.

दोष घराचा होता. ते निरीक्षकांनी स्वतः उभे राहून बांधून घेतले होते. तीन दारे, तिन्ही बाहेर उघडणारी, आतून एकालाही कडी नाही, वाटेत एक स्टूल नाही. त्या घरातून आंधळा माणूसही चाळीस सेकंदांत बाहेर पडला असता. ती तिसाव्या सेकंदाला पडायची.

"कुलूप लावा ना, भावजी," मेहुण्याने शंभरदा सांगितले होते. तो मोटार चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर उपाय असतो असा त्याचा समज होता.

निरीक्षकांनी कुलूप आणलेही. पुडक्यातून काढून हातात घेऊन बसले. नोकरीच्या सहाव्या वर्षी त्यांनी एका शिलाई कारखान्याचे दार तोडले होते. कुलूप बाहेरून होते. किल्ली मालकाच्या खिशात होती आणि मालक जेवायला गेला होता. आत अकरा जण होते, सगळे दाराशीच. ते दार अजून स्वप्नात येते, हे त्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितले नव्हते आणि तिला आता ते आठवत नव्हते. म्हणजे हिशेबाने ते आता कुणालाच ठाऊक नव्हते.

कुलूप पुन्हा पुडक्यात गेले. त्याऐवजी त्यांनी लेंग्याची नाडी काढून तिचे एक टोक बायकोच्या मनगटाला बांधले, एक स्वतःच्या, आणि दुपारचे आडवे झाले. जाग आली तेव्हा नाडीचे बायकोकडचे टोक पलंगाच्या पायाला बांधलेले होते. चांगली दुहेरी गाठ मारून. बायको हमरस्त्यावर गेली ती त्याच दुपारी.

तेव्हापासून अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या जागा बघणे सुरू झाले. ही चौथी. पहिलीत जिन्यात गाद्या रचल्या होत्या, नापास. दुसरीत आग विझवण्याच्या नळकांड्यांची मुदत कधीच संपलेली, नापास. तिसरीत नळकांडे नवे कोरे होते, पण ते दार उघडे राहावे म्हणून टेकणाला लावलेले. निरीक्षकांनी तिथे पाऊण तास भाषण केले.

"भावजी, आपण ताईला ठेवायला जागा बघतोय की आग लावायला?" मेहुणा गाडीत म्हणाला होता. "माझं ऐका. चौथी शेवटची. तिथंही तुमचा लाल पेन चालला तर पुढच्या वेळी गाडी मिळायची नाही. आणि ताई पुढच्या वेळी कुठं सापडेल, ते तुम्ही बघा."

निरीक्षक उभ्या गाडीत बसले होते. डावीकडच्या ब्रेकवर उगाच पाय दाबून.

तर ही चौथी. मुख्य परिचारिका पन्नाशीची होती. फाइल बघून ती घाबरली नाही, हा पहिला अपशकुन. तिने सगळे दाखवले. जिना स्वच्छ. नळकांडी ताजी. तारा भिंतीच्या आत. स्वयंपाकघरातला गॅस बाहेरून बंद होणारा. बेचाळीस कलमांपैकी अडतीस कलमांवर बरोबरच्या खुणा झाल्या. लाल पेन टोपणातून बाहेर आला नव्हता आणि निरीक्षकांचा चेहरा दर खुणेगणिक उतरत चालला होता.

मोठ्या दालनात बावीस माणसे बसली होती. कुणी खिडकीकडे बघत होते, कुणी खिडकीकडे बघणाऱ्याकडे. बायकोला एका सोफ्यावर बसवले. शेजारची आजी सरकली आणि म्हणाली, "ये गं. उशीर केलास."

"हो ना," बायको म्हणाली. "गर्दी होती."

"या दालनाचं संकटकाळचं दार?" निरीक्षकांनी विचारले.

"तुम्ही त्याच्यासमोरच उभे आहात," परिचारिका म्हणाली.

समोर पुस्तकांचे कपाट होते. तपकिरी, लाल, निळी, जाडजूड पुस्तके, छतापर्यंत. निरीक्षकांनी हात लावला. पुस्तके सपाट होती. रंगवलेली.

"दार दिसलं की यांना जायचं असतं," परिचारिका म्हणाली. "नाही दिसलं की नसतं. म्हणून दारावर कपाट रंगवून घेतलंय."

चौतीस वर्षांत निरीक्षकांनी दारांचे सगळे हाल पाहिले होते. पोत्यांनी बुजवलेली, खिळ्यांनी ठोकलेली, विटांनी चिणलेली. पण दारालाच तोंड लपवायला लावले होते ते इथेच. त्यांनी लाल पेन काढला. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला.

कपाटाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच गृहस्थ नखाने एक निळे पुस्तक ओढून काढायचा प्रयत्न करत होते.

"छापखान्यात मुद्रितं तपासायचे," परिचारिका म्हणाली. "त्या पुस्तकाच्या नावात चूक आहे म्हणतात. रोज काढायला बघतात."

"आणि चूक आहे?" मेहुण्याने विचारले.

"आहे ना. आम्हाला त्यांनी दाखवल्यावर कळलं."

"ते राहू द्या," निरीक्षक म्हणाले. "आग लागली तर?"

"घंटा होते, कुलूप आपोआप सुटतं, दार उघडतं."

"दाखवा."

"आत्ता?"

"आग काय चिठ्ठी पाठवून येते?"

"गेल्याच महिन्यात तपासणी झाली, साहेब."

"तपासणीच्या दिवशी सगळं चालतं, बाई. मी नोकरीत असताना तपासणीच्या दिवशी पंखेसुद्धा चालायचे."

मेहुणा जवळ आला, हळूच म्हणाला, "भावजी, खरं सांगा. दार अडकायला हवंय ना तुम्हाला?"

निरीक्षकांनी खिशातून वेळ मोजायचे घड्याळ काढून काटा शून्यावर आणला.

"मग ताईला घरी न्यायला मोकळे."

"तू दाराशी उभा राहा," निरीक्षक म्हणाले. "ती धावत सुटेल. धर तिला."

परिचारिकेने भिंतीवरच्या पेटीत किल्ली फिरवली. "करते. पण तुम्हाला वाटतंय तसं काही व्हायचं नाही," ती म्हणाली.

घंटा झाली. चांगली खणखणीत, कानठळ्या बसवणारी, कलम एकोणचाळीसप्रमाणे. त्याच क्षणी खट्कन आवाज झाला आणि पुस्तकांचे कपाट सगळ्या ग्रंथसंपदेसह बाहेर उघडले. बाहेर ऊन होते. घंटेबरोबर फाटकही सताड उघडले होते. फाटकाबाहेर रस्ता होता, एक माणूस सायकलवरून जात होता.

पाच सेकंद. दहा. वीस.

कुणी उठले नाही.

एकाने आपल्या कपावर हात ठेवला, आवाजाने चहा सांडेल म्हणून असावा. एका बाईने "शाळा सुटली का?" असे विचारले आणि कुणी उत्तर न दिल्यामुळे ती नसेल सुटली असे धरून चालली. मुद्रिते तपासणारे गृहस्थ निळे पुस्तक हातचे गेले म्हणून रिकाम्या चौकटीशेजारी उभे राहिले, ते परत येईपर्यंत.

तीस सेकंद. चाळीस.

"चला!" निरीक्षक ओरडले. भरलेली चित्रपटगृहे रिकामी करणारा आवाज होता तो. "बाहेर चला! एकामागोमाग एक! सामान घेऊ नका!"

"तुम्ही व्हा पुढं," कोपऱ्यातले एक आजोबा आर्जवाने म्हणाले. "आम्ही येतोच."

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिले. ती दाराकडेच बघत होती. उघड्या दाराकडे, उन्हाकडे, रस्त्याकडे. ते चटकन एका बाजूला झाले. वाटेत कुणी नको. चौकटीत मेहुणा दोन्ही हात पसरून तयार उभा होता, फलंदाजाच्या मागे उभे राहतात तसा.

तिने दार नीट पाहून घेतले. मग छातीशी धरलेली पर्स काढून सोफ्यावर बाजूला ठेवली. मागे टेकून बसली. शेजारच्या आजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तिने तो राहू दिला.

साठ सेकंद. नव्वद.

"भावजी," मेहुण्याचे हात खाली आले. "ताई बसलीय."

"दिसतंय मला."

"मला वाटलं, आवाजाला घाबरली असेल."

"घाबरलेली नाही ती." निरीक्षकांनी घड्याळ थांबवले. "घाबरलेली माणसं मला कळतात."

घंटा बंद झाली. निरीक्षकांनी फाइल उघडली. 'दार बाहेरच्या बाजूस, अडथळ्याविना उघडते.' बरोबरची खूण. 'सर्व व्यक्ती बाहेर पडण्यास लागलेला वेळ.' तिथे त्यांनी शून्य लिहिले. ते बघून कुणी म्हणेल की इथली माणसे फारच चपळ, म्हणून खोडले. आडवी रेघ मारली. चौतीस वर्षांत ही जागा त्यांनी कधी मोकळी सोडली नव्हती. शिलाई कारखान्याच्या अहवालातसुद्धा काहीतरी लिहिले होते.

"कधीपासून आणायचं तिला?" त्यांनी विचारले.

"आज ठेवलंत तरी चालेल," परिचारिका म्हणाली. "उगाच घरी नेऊन परत आणलंत तर दोघांनाही त्रास. कपडे उद्या आणून द्या."

तिने कागद पुढे केला. निरीक्षकांनी तो उभ्या उभ्याच भरला, फाइलचा आधार घेऊन. लाल पेनाने, कारण तोच हातात होता. 'रुग्णाशी नाते' या ओळीपुढे 'पती' लिहिले आणि सही केली. मेहुणा पाठ फिरवून रस्त्यावरच्या आपल्या गाडीकडे बघत होता. नाक ओढत म्हणाला, "धूळ फार आहे इथं." दालन आरशासारखे लख्ख होते.

निरीक्षक बायकोजवळ गेले. काय बोलायचे ते त्यांनी तीन जागांपासून ठरवून ठेवले होते. रोज येईन, चार वाजता येईन, थोडे दिवसच आहेत, असे बरेच काही होते. त्यांनी घसा साफ केला.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. दुकानात कुणी मदतीला आले की पाहतात तसे, छान हसून.

"भाऊ," ती म्हणाली, "तेवढं दार लावता का? वारा लागतोय."