तोंड नैऋत्येला असलेला नळा

रविवार, १३ मार्च १९५५. आकाश स्वच्छ. सकाळपासून वारा पडलेला. दुपारी पत्र्याला हात लावणारा माणूस हात झटकून शिवी देत होता. अशा दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये माझा जन्म झाला, आणि माझं काम काय, तर थंड हवा आणणं.

मी एक पत्र्याचा नळा आहे. मागच्या जन्मी वनस्पती तुपाचा डबा होतो. पोटावर मोराचं चित्र होतं. त्यातला अर्धा मोर कातरीखाली गेला, उरलेला अजून आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं मी स्वतःला मोटारीचा भाग म्हणालो तर कुणी फार मनावर घेऊ नये.

ती मोटार बदलापूरच्या हिंदुरावांची. भातशेतीवाला माणूस, पण हौस शर्यतीच्या गाडीची. लढाईच्या आधीची, लाल, बिनटपाची, दोनच माणसं बसतील अशी. गोऱ्यांची छावणी उठली तेव्हा कुणी कप्तान ती मागं टाकून गेला आणि हिंदुरावांनी बैल सोडवून आणावा तशी ती सोडवून आणली.

सपाटीवर ती वाऱ्यासारखी पळे. पण चैत्र पौर्णिमेला डोंगरावरच्या मावलीच्या जत्रेला निघाली की अर्ध्या चढणीत खोकत उभी राही. मग मागून गावातलाच कोंडाजी आपली बैलगाडी घेऊन येई, दोर बांधी आणि बैलांकडून मोटार वर ओढून नेई. सगळी जत्रा वाट सोडून ही मिरवणूक पाही. कोंडाजीला नदीकाठच्या वांग्यांना पाणी द्यायला इंजिन हवं होतं, आणि त्याची नजर ह्याच इंजिनावर होती.

तिसऱ्या वर्षी मोटार बैलांमागं वर पोचली तेव्हा हिंदुरावांच्या कारभारीण इंदुबाई देवीसमोर सगळ्यांदेखत बोलल्या, "पुढच्या वर्षी नैवेद्याच्या आत ही आपल्या पायांनी पायरीला लागली तर ठेवा. नाहीतर इंजिन कोंडाजीभावजींना देऊन टाका. वांगी तरी खाऊ."

देवीसमोरचा शब्द. हिंदुराव मान हलवून बसले ते फाल्गुनापर्यंत.

अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका फिटरनं दुखणं ओळखलं. इंजिनाला जिथून पेट्रोल आणि हवा मिळते तो कार्बोरेटर धुराच्या तापलेल्या नळीला खेटून बसलेला. "उन्हाची चढण, त्यात ती गरम हवा पितेय. गरम हवा पातळ, तिच्यात दम नाही. बाहेरची थंड हवा नळ्यानं आणून पाजा," तो म्हणाला. हिंदुराव तिथून थेट कॅम्पात आले, टेकचंदकडे.

टेकचंद सिंधमधल्या हैदराबादचा. तिथं प्रत्येक घराच्या छपरावर वारा पकडणारं उंच धुराडं असे, त्याला मंघ म्हणत. छपरावरचा वारा त्यातून खाली खोलीत उतरे. टेकचंदच्या घराण्यात मंघ बांधायचंच काम. फाळणीनंतर इकडं आल्यावर तो डबे आणि कंदील करी. बराकीत त्याची म्हातारी आई खाटेवर पडून दर दुपारी एकच विचारी, "टेकू, मंघ बंद केलास का रे?"

हिंदुरावांचं ऐकून टेकचंदचे डोळे लकाकले. "साईं, ये तो मंघ है! गाडीला मंघ पायजे."

"मंघबिंघ काय असंल ते कर. पण चढली पाहिजे."

"एक सांगा. गाडी घरी उभी करता, तर तोंड कुठं?"

"पूर्वेला. गोठ्याकडं. का?"

टेकचंदनं मान डोलावली आणि काम सुरू केलं. हैदराबादचा वारा येतो नैऋत्येकडून. तिथला एकूण एक मंघ नैऋत्येला तोंड करून उभा. टेकचंदच्या बापानं, आज्यानं दुसरी दिशा कधी पाहिली नाही. त्यानं पत्रा वळवला, डाख दिला, मला बॉनेटमधून वर काढलं आणि गाडी पूर्वेला उभी आहे असं धरून माझं तोंड चोख नैऋत्येला बसवलं.

म्हणजे मागं वळून, थेट हिंदुरावांच्या तोंडासमोर.

मला वाटलं, मालकाचं मुखदर्शन घडावं म्हणून ही सोय असेल. गाडी कॅम्पातून विठ्ठलवाडीकडं सुटली. हिंदुरावांनी विडी पेटवली. तिचा सगळा धूर मी निष्ठेनं ओढून इंजिनाला पाजला. इंजिन खोकलं. मीही त्याच्याबरोबर खोकलो.

हिंदुराव उलट फिरून आले. "टेकचंद! अरे, घर जागेवर राहतं. गाडी चालते!"

टेकचंदनं पुन्हा कातर उचलली. "ये तो सोचाच नव्हता," तो म्हणाला, आणि त्यानं मला फिरती मान केली. माझी मान तेव्हापासून फिरते. अक्कल तिथंच राहिली.

मग पुढं तोंड केल्यावर किडे, पाचोळा सगळं आत येऊ लागलं. जाळी हवी होती. दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी सदऱ्याखालून एक पितळी चाळण काढली. रवा चाळायची, काठावर नाव कोरलेलं: सौ. बनूबाई. म्हणजे इंदुबाईंची आई. लेकीच्या लग्नात दिलेली चाळण.

"भाभींनी दिली?" टेकचंदनं विचारलं.

"हो... म्हणजे घरातलीच आहे," हिंदुराव म्हणाले.

चाळणीच्या मापानं माझं तोंड कापलं गेलं आणि ती आत अशी बसली की काठावरचं नाव बाहेरून दिसू नये. धुराच्या नळीवरून जातो तिथं टेकचंदनं मला गोणपाट गुंडाळलं, निघताना भिजवायचं. आता मी इतका थंड होतो की मला स्वतःचाच आदर वाटू लागला.

तिकडं घरात चाळणीचा शोध चालला. हिंदुराव म्हणाले, "माकडं आली होती परवा." माकडांवर इंदुबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी भिंतीपलीकडच्या थोरल्या जावेवर, विठाबाईंवर, संशय घेतला. ती चाळण अधूनमधून मागून न्यायची. अंगणात दोन शब्द झाले, त्यातला एक 'चोर' होता. दोघींचं बोलणं बंद झालं. हिंदुराव हे सगळं माझ्याशेजारी उभे राहून ऐकत आणि माझ्या तोंडावरून फडकं फिरवत. मी आतून जाळी दाखवत होतो. पत्र्याला लाज वाटत नाही असं माणसं म्हणतात. खरंच वाटत नव्हती. माझं लक्ष जत्रेकडं होतं.

चैत्र पौर्णिमा, गुरुवार, ७ एप्रिल. ऊन लखलखीत. मोटारीत हिंदुराव आणि टेकचंद. मागून कोंडाजीच्या बैलगाडीत इंदुबाई, मांडीवर नैवेद्याचं ताट.

"हिंदुराव, दोर आणलाय बरं का," कोंडाजी ओरडला. "यंदा नवा आणलाय. तुमचा मान!"

"त्याच्यावर कपडे वाळत घाल!"

गाडी चढणीला लागली आणि काय सांगू! खालच्या वाटेवरची थंड हवा मी घटाघटा गिळत होतो, इंजिन पीत होतं. पहिलं वळण, दुसरं वळण, दरवर्षी अडायची ती आंब्याखालची जागा, सगळं मागं गेलं. टेकचंद हात वर करून ओरडत होता. मला वाटलं, ही गाडी म्हणजे मी. बाकी चाकं वगैरे माझ्या सोबतीला आहेत.

अर्ध्या वाटेवर शेंदराचा दगड आहे. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीनं तिथं थांबायचं आणि बैलांच्या शिंगांत हार घालायचा, ही जुनी रीत. हिंदुराव थांबले. बैलगाडी मागून आली. इंदुबाई उतरल्या. मोटारीकडं पाहताना त्यांचा चेहरा बदलला होता.

"चढली की हो," त्या हळूच म्हणाल्या.

"मग? म्हणालो होतो ना!"

बैलांना हार घालून झाला. एक हार उरला. इंदुबाई तो घेऊन मोटारीभोवती फिरल्या. मोटारीला शिंगं नव्हती. बॉनेटच्या वर आलेला काय तो मी एकटा. त्यांनी मला कुंकू लावलं, हळद लावली आणि झेंडूचा दाट हार माझ्या तोंडाभोवती नीट गुंडाळला.

माझ्या आयुष्यात मला हार घातला गेला तो हाच. मी तो सगळा खाल्ला.

दगडापासून चार वळणं झाली असतील. पाकळ्या सुटल्या, चाळणीला चिकटल्या, तिच्यावर हळदीचा थर बसला. माझा श्वास कोंडला. इंजिन गुदमरलं आणि वरचं देऊळ दिसत असताना गाडी उभी राहिली.

हिंदुरावांनी वाकून माझ्या तोंडात पाहिलं. काय झालं ते त्यांना लगेच कळलं. चाळण काढून झटकली की झालं. पण मागून घुंगरं वाजत होती. बैलगाडी वळणावर आली होती.

टेकचंदनं हात घातला. हिंदुरावांनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे."

"साईं, दो मिनट का काम!"

"राहू दे म्हणतो ना. इंजिनच म्हातारं झालंय."

"म्हातारं? आत्ता पळत होतं!"

कोंडाजी दोर उलगडत आला. हिंदुरावांनी त्या दोराकडं पाहिलं, मग गाडीच्या लाल नाकाकडं. टेकचंदचं मनगट त्यांनी सोडलं. चाळण त्यांनी स्वतःच ओढून काढली आणि इंदुबाईंसमोर धरली.

इंदुबाईंनी काठावरचं नाव वाचलं. आईचं नाव वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

"ही माकडानं नेली होती ना?"

"होय," हिंदुराव म्हणाले.

"तेच माकड गाडी चालवतंय वाटतं."

कोंडाजी फस्सकन हसला. इंदुबाई हसल्या नाहीत. "पाडव्याच्या पोळ्या मी एकटीनं लाटल्या. जाऊबाई भिंतीपलीकडं, मी अलीकडं. आणि तुम्ही दोघींच्या मधून रोज जात-येत होतात."

"चुकलं माझं. कोंडाजी, बांध दोर."

"दोर राहू द्या, भावजी." इंदुबाईंनी चाळण माझ्या पत्र्यावर दोनदा आपटली. पिवळ्या पाकळ्या खाली पडल्या. "हार माझा, चाळण माझी. मग अडवलं मीच म्हणायचं की काय? देवी म्हणेल, बाईनं शब्द दिला आणि वाटेत फुलं पेरली." त्यांनी चाळण पदरात गुंडाळली. "ही आता मिळायची नाही. टेकचंदभाऊ, तुम्ही बैलगाडीत बसा, तेवढंच ओझं कमी. अहो, चालवा. नैवेद्य निवतोय."

बिनजाळीच्या तोंडानं मी हवा, धूळ आणि एक भुंगा गिळत वर गेलो. नैवेद्याची घंटा वाजायच्या आत गाडी पायरीला लागली.

संध्याकाळी हिंदुराव भावजयीच्या दारात उभे राहिले. "वहिनी, ते माकड मीच."

विठाबाई तांदूळ निवडत होत्या. "ठाऊक आहे. सदऱ्याखालून नेताना पाहिलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला चोर म्हटलं, भावजी. विचारलं कुणी नाही."

इंदुबाई मागंच होत्या. त्या उंबऱ्याच्या आत गेल्या, चाळण विठाबाईंच्या सुपात ठेवली आणि शेजारी बसून खडे वेचू लागल्या. हिंदुराव बाहेरच राहिले. त्यांना कुणी आत बोलावलं नाही.

जाळीशिवाय मी इंजिनाला किडेच पाजले असते. आठवड्याभरात हिंदुरावांनी मला काढून टेकचंदला परत नेऊन दिलं. त्यानं मला बराकीच्या छपरावर उभं केलं. माझी मान फिरते हे तो विसरला नव्हता. नैऋत्येला वळवून त्यानं ती डाख देऊन पक्की केली. पहिल्या दुपारी खालून म्हातारीचा आवाज आला, "उघडलास का रे, टेकू?" त्यानंतर तिनं विचारलं नाही.

इथला पाऊसही नैऋत्येकडूनच येतो. जूनमध्ये पहिल्या सरीला मी म्हातारीच्या खाटेवर घागरभर पाणी ओतलं. आता पावसाळाभर माझं तोंड गोणपाटानं बांधलेलं असतं. बांधायला टेकचंद शिडीवर चढतो तेव्हा मोराच्या उरलेल्या अर्ध्या अंगावर पाय देतो. तुम्ही कधी त्या बाजूला आलात आणि छपरावर तोंड बांधलेला कुणी दिसला, तर शिक्षा झालेली नाही, हंगाम आहे.

हिंदुरावांच्या गाडीची खबर मला कोंडाजीकडून कळली. तो टेकचंदकडून वांग्यांना पाणी घालायची झारी करून घ्यायला आला होता. १९५६ च्या चैत्र पौर्णिमेला इंदुबाईंच्या सांगण्यावरून गाडी पहाटेच, गारव्यात, बदलापुरातून निघाली. गाडीत हिंदुराव आणि इंदुबाई. नळा नाही. शेंदराच्या दगडापाशी सगळे हार कोंडाजीच्या बैलांना घातले. सूर्य उगवायच्या आत गाडी देवीच्या पायरीला लागली.