घरचं गिऱ्हाईक

होजरने कापडात गुंडाळलेली रोटी काढली आणि मस्तुराच्या माती थापायच्या फळीवर ठेवली. रोटी पालथी ठेवणं अशुभ; एवढ्या संतापातही तिने ती सुलटीच ठेवली. अर्ध्या रोटीचा कोळसा झाला होता आणि उरलेल्या अर्ध्या भागाला राख चिकटली होती.

"बघ," होजर म्हणाली.

मस्तुराचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. ती तंदुराचा दुसरा थर चढवत होती. "काय झालं गं?"

"मला काय विचारतेस? तुझ्या तंदुराला विचार. आज पहिल्यांदाच पेटवला. नऊ रोट्या लावल्या. नऊच्या नऊ भिंत सोडून राखेत पडल्या. ही शेवटची, फय्योजची."

मस्तुरा उठून उभी राहिली. फय्योज हा होजरचा मुलगा. दर वर्षी वसंतात तो रशियात इमारतींच्या कामावर जायचा. निघताना घरच्या रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी आई खिळ्याला टांगून ठेवायची. तो परत आला की तीच कडक झालेली रोटी चहात बुडवून संपवायचा. अकरा वर्षं तो गेला होता आणि अकरा वर्षं परत आला होता. त्या गावातून गेलेले सगळेच परत आलेले नव्हते.

"गाडी चारला येणार," होजर म्हणाली. "तो विचारतोय, आई, घास कशाचा घेऊ? सून रडतेय. शेजारीण शहाणी सांगते, बाजारातली आण. बाजारातली! म्हणजे पोरगं बाजारात परत येऊ दे, होय?"

"भिंतीला तेल चोळलं होतंस? कपाशीच्या काटक्यांनी नीट तापवलास?"

"तीस वर्षं रोट्या लावते मी. मला शिकवतेस?" होजरने खिशातून तंदुराच्या काठाची एक खपली काढून तिच्या अंगावर फेकली. "हे घे. तेल चोळताना निघालं."

मस्तुराने खपली उचलली. आधी तिने ती मोडून पाहिली. बकरीचा एक केस दिसेना. मग जिभेला लावली. तिच्या टेकडीची माती जिभेला अशी धरते की ओढून काढावी लागते. ही धरेना. नुसती थंड, दगडासारखी.

सिमेंट.

मस्तुरा हे काम एक्केचाळीस वर्षं करत होती. नवरा गेला तेव्हा पदरात एक मुलगी आणि सासूने शिकवलेली ही कला, एवढंच होतं. टेकडीवरची माती गाढवावरून आणायची, बकरीचे केस हाताने पिंजून घालायचे, तीन दिवस पायाने तुडवायची, रोज एकच वीत चढवायची आणि चाळीस दिवस सावलीत वाळवायची. असा तंदूर बारा-बारा वर्षं टिकायचा. म्हणजे एका घराचं दार तिला आयुष्यात फार तर तीन-चारदा दिसायचं. मधल्या काळात तिचं नाव टिकायचं ते रोज सकाळी भिंतीला धरून राहणाऱ्या रोटीवर. होजरकडे तिने दोन तंदूर दिले होते. हा तिसरा.

"सोबीर!" तिने अशी हाक मारली की कुंपणापलीकडची कोंबडी उडाली.

सोबीर तिचा घरजावई. पिळदार, कामाला वाघ, बोलायला गोड. सगळा गाव मस्तुराला आपा म्हणे, तोही आपाच म्हणे.

"या जावईबापू, या. हे चाखून बघा."

त्याने खपली पाहिली आणि पाठोपाठ होजरला. त्याचा चेहरा उतरला. "आपा, थोडंच घातलंय. लवकर वाळतं म्हणून."

"लवकर? कुणाच्या पोटात कळ आली होती?"

"हमरस्त्यावरच्या ढाबेवाल्याला तंदुरात भाजायच्या समोशांसाठी दहा हवे होते, नवरोजच्या सणाआधी. तुम्ही हो म्हणालात. तुमच्या हातचे दहाच्या दहा तिकडे गेले. मग इथल्यांचे कुठून आणायचे? पाच मी असे केले."

"मग हे पाच त्याला का नाही दिलेस?"

"तो एकेक वाजवून बघत होता, आपा. आत डोकं घालून बघत होता. त्याला कसे देणार?"

"आणि होजरला दिलास!"

"होजरखाला कुठे बघतात? तुमचं नाव ऐकलं की..." तो थांबला.

"बोल ना, बोल," होजर म्हणाली. "होजर आंधळी आहे म्हण."

मस्तुराने फळीवरचा लाकडी थापा उचलला. तो सोबीरच्या डोक्यात बसला असता. सोबीर मागे सरला आणि त्यालाही चीड आली. "मला मारून काय होणार? मी विचारलं होतं तुम्हाला. थंडीत, याच ओसरीवर. होजरखालांचा नंबर आधी आहे म्हटलं. तुम्ही काय म्हणालात?"

मस्तुराचा हात वरच राहिला.

"म्हणालात, ती कुठे जातेय, ती घरची. तिला काहीही चालेल. ढाबेवाला नवा आहे, तो हातचा जाईल."

होजरने मान वळवून मस्तुराकडे पाहिलं. नाही म्हण, एवढंच त्या नजरेत होतं. मस्तुराला नाही म्हणता येईना. ते शब्द तिचेच होते. चहा पिता पिता, हसत हसत ती तसं म्हणाली होती. त्यात वावगं काही वाटलं नव्हतं, उलट अभिमानच वाटला होता, की आपली माणसं अशी पक्की आहेत.

"असं," होजर म्हणाली. "घरची." आणि ती रोटी पुन्हा कापडात बांधू लागली. राखेतली असली तरी रोटी होती, टाकता येत नव्हती.

मस्तुराने थापा जमिनीवर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. संताप कुणावर काढावा हेच तिला कळेना, म्हणून तो आणखी वाढला. "थांब. पीठ मळलेलं आहे घरी?"

"आहे."

"घेऊन ये. माझ्या तंदुरात लाव. तो तुझ्या पहिल्या तंदुराच्याच मातीचा आहे. मी पेटवते."

"तुझ्या घरची रोटी माझ्या पोराला?"

"पीठ तुझं, पाणी तुझं, हात तुझा. भिंत तेवढी माझी. आत्ता भांडायला वेळ नाहीये बाई, दोन वाजलेत. शिव्या नंतर दे, हव्या तेवढ्या दे!"

होजर गेली आणि पीठ घेऊन आली. मस्तुराने काटक्या स्वतः घातल्या. सोबीर पाण्याची बादली घेऊन पुढे आला, तर तिने बादली हिसकावून घेतली. तंदूर आतून पांढरा होईपर्यंत दोघी दोन बाजूंना उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता. मग होजरने बाही वर करून वाकून रोटी लावली. रोटी भिंतीला चिकटली आणि फुगली. तिने पाच लावल्या, एकही पडली नाही.

तंदुरातून निघालेली पहिली गरम रोटी मोडून जमलेल्यांनी वाटून खायची, ही तिथली रीत. होजरने पाचही कापडात बांधल्या.

"नवा तंदूर मी स्वतः घालीन," मस्तुरा म्हणाली. "चाळीस दिवस दे. तो सिमेंटचा उद्याच उपटून नेते."

"बघू," होजर म्हणाली. एक्केचाळीस वर्षांत मस्तुराला कुणी बघू म्हटलं नव्हतं. होजर फाटकाबाहेर गेली. फय्योजच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मस्तुरा सोबीरला विचारत होती, "उरलेले चार कुणाकडे?"

त्याने नावं सांगितली. चारही जुनी घरं. चारही घरची माणसं.

"घण घे. गाडा घे. प्रत्येक दारात तूच सांगायचं, काय घातलंस ते. आणि मी काय म्हणाले होते, ते मी सांगणार."

"आपा, उद्या सकाळी जाऊ. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! चल!"

पहिलं घर कालव्याकाठी बीबीरोजचं. नवा तंदूर अंगणात बसवलेला होता, अजून पेटवलेला नव्हता. बीबीरोज हात पुसत आली आणि हरखून गेली. "आपा! तुम्ही स्वतः? या, चहा टाकते."

"चहा नको. हा तंदूर तू बघितलास का?"

"बघायचं काय त्यात? तुमच्या घरचा आहे."

"आत हात घालून बघ."

बीबीरोज हसली. "काहीतरीच काय आपा. तुमच्या तंदुरात मी हात घालून बघू? माझ्या सासूने कधी बघितलं नाही."

मस्तुराने तिचं मनगट धरलं आणि तिला तंदुरापाशी ओढत नेलं. बीबीरोजचं हसू गेलं. सोबीर गाड्यापाशी खाली मान घालून उभा होता.

"घाल म्हणते ना हात!" मस्तुरा ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "नख लाव. खरवड. जिभेला लावून बघ. आणि मग मला विचार, आपा, हे काय दिलंत म्हणून. विचार!"