‘बिचारी’ कुणी लिहायचं नाही

ती घरबसल्या लिहून पोट भरायची. आज साबणाची जाहिरात, उद्या फ्रिजचं माहितीपत्रक, परवा कुणाच्या तरी निरोप समारंभाचं भाषण. शनिवारची दुपार मात्र तिने कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकली होती. तिथले अहवाल, देणगीची आवाहनं ती फुकट लिहून द्यायची.

“घरचं सामान लिहून घे म्हटलं की तुला वेळ नसतो,” सासूबाई टोमणा मारायच्या.

“आई, ते तुम्हाला तोंडपाठ असतं,” म्हणत ती चपला घालायची.

यंदाचं आवाहन मास्तरीणबाईंवर लिहायचं ठरलं. त्या शिवणकाम करायच्या. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नवा पाय बसल्यावर त्या संस्थेतल्या बाकीच्यांना चालायला शिकवू लागल्या, आणि शिकवताना कुणाची गय करत नसत, म्हणून ते नाव पडलं.

ती गेली तेव्हा लांबट खोलीत दोन आडव्या दांड्यांना धरून एक नवखा माणूस घामाघूम होऊन चालत होता.

“खाली काय बघताय? पाय पळून जाणार नाही, पट्ट्याने बांधलाय!” मास्तरीणबाई त्याच्यावर ओरडल्या आणि तिच्याजवळ स्टुलावर येऊन बसल्या.

“काय लिहू तुमच्याबद्दल?” तिने विचारलं.

“मी फार चिडते, ते लिहा. बँकेला पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, म्हणून चिडते. लोक न विचारता माझा दंड धरतात, तेव्हा तर डोकंच फिरतं.”

तिने तसंच लिहिलं. शेवटी एवढंच जोडलं, की पायासाठी देणगी द्या आणि तुमच्या दारच्या पायऱ्यांकडेही एकदा बघा.

संस्थेच्या अध्यक्षांनी कागद वाचून बाजूला सारला. “छान आहे, पण रडू येत नाही. एखादं ‘बिचारी’ घाला, दोनदा आलं तरी चालेल. आणि फोटो पाय काढून ठेवलेला हवा. लोकांच्या काळजाला हात घातल्याशिवाय त्यांचा हात खिशात जात नाही.”

“मास्तरीणबाईंना विचारलंत?”

“त्यांना काय विचारायचं? पाय आपणच दिलाय.”

ती उठलीच. “पाय दिलात, साहेब. त्यांची अब्रू विकत नाही घेतलीत. ‘बिचारी’ मी लिहिणार नाही.”

“नका लिहू. लिहिणाऱ्यांचा काय दुष्काळ पडलाय?”

ती तडक घरी आली. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला. तीही अशीच सुटी कामं घेऊन लिहिणारी.

“अगं, तुझ्या संस्थेतून मला बोलावलंय. काय भानगड आहे?”

भानगड ऐकल्यावर मैत्रीण म्हणाली, “मग मीही नाही जात.” एवढ्यावर ती थांबली नाही. शहरातल्या लिहिणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. एरवी तिथे गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडली जायची. मैत्रिणीने त्यावर सगळी हकिकत टाकली आणि खाली लिहिलं, ‘बिचारी’ लिहायला कुणी जायचं नाही. राशिभविष्य लिहिणारे काका पहिले उत्तरले, “मी ग्रहांच्या नावावर वाट्टेल ते खपवतो. पण हे नाही.”

अध्यक्षांनी ज्याला विचारावं तो नाही म्हणू लागला. शेवटी ते स्वतःच लिहायला बसले आणि शनिवारी फोटोग्राफरला घेऊन संस्थेत आले. तीही मुद्दाम गेली होती.

“बाई, पाय काढता का जरा?” फोटोग्राफर म्हणाला.

“आधी तुमचे बूट-मोजे काढा, मग बघू,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

दांड्यांमधला नवखा माणूस हसताहसता थांबला. “माझाही फोटो नाही मिळणार,” तो म्हणाला. मग भिंतीलगत बसलेले एकेक जण तेच म्हणू लागले.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. “मग देणग्या कुठून येणार?”

“हिने लिहिलंय ते छापा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “नाही आल्या तर आम्ही मागायला येतो. पण उभ्याने मागू.”

छापावंच लागलं. एका जुन्या देणगीदाराला भाषा उद्धट वाटली, त्याने हात आखडता घेतला. देणग्या गेल्या वर्षीपेक्षा कमीच आल्या, खोटं कशाला बोला? पण एक वेल्डर आवाहन वाचून बँकेच्या मॅनेजरला भेटला आणि कठडा बसवून गेला. अध्यक्ष मात्र तिच्याशी बोलेनासे झाले. तिने शनिवार सोडला नाही. उलट मैत्रीण आणि काकाही येऊ लागले, ज्याला स्वतःचं काही लिहायचंय त्याला हाताला धरून शिकवू लागले.

परवा संस्थेत येणाऱ्या एका मुलीला कॉलेजने सांगितलं, तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून खाली आणता येणार नाही. मुलीने प्राचार्यांना पत्र लिहिलं. मास्तरीणबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबल्या.

“हे ‘नम्र विनंती’ कुणी घातलं?”

“मी,” मुलीच्या आधी तीच म्हणाली. “सवय आहे हो.”

“खोडा.”

तिने पेन मुलीच्या हातात दिलं. मुलीने खोडलं, आणि त्या जागी लिहिलं, ‘सोमवारी मी खालच्या मजल्यावर बसणार आहे. शिकवायला कुणाला पाठवता ते कळवा.’