कोठीतलं बिऱ्हाड

सासूबाईंनी मागच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली आणि घर तपासायला आलेल्या महापालिकेच्या ओव्हरसियरना सामोऱ्या गेल्या. मी दोरीवरची दुपटी काढत होते. वैजू दिसेना तेव्हा लक्षात आलं. दीड वर्षाची माझी पोर त्या खोलीत गोजराबाईंपाशी होती, आणि सासूबाईंना ते ठाऊक नव्हतं.

जेलरोडच्या आमच्या घरामागची ती दहा बाय दहाची खोली नकाशात 'कोठी' होती. कोठीत सामान ठेवायची परवानगी, राहायची नाही. ओटा, मोरी किंवा माणूस, यांतलं एक जरी दिसलं तरी ते बिऱ्हाड ठरतं आणि खोली पाडायची नोटीस येते, असं ह्यांनी ओझरला कारखान्यात कुणा जाणत्याला विचारून घेतलं होतं. नवी महापालिका होऊन वर्षही झालं नव्हतं. सगळेच जपून होते.

गोजराबाई वैजू झाल्यापासून तिथे राहत होत्या, तिला सांभाळण्याच्या बदल्यात. देवळाली कॅम्पात साहेबलोकांची मुलं वाढवण्यात त्यांचा जन्म गेला, तोही असाच मागच्या खोल्यांमधून. स्टोव्ह खाटेखाली, लुगडी आमच्या दोरीवर. फाटक वाजलं की खिडकीखाली भिंतीला टेकून बसायच्या. मग आत कुणी आहे हे माहीत असून मलाही ते खरं वाटेनासं व्हायचं.

ओव्हरसियर वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी किल्ली मागितली. ती मुलगा ओझरला घेऊन गेला, असं सासूबाईंनी सांगितलं. मी खुणावू पाहत होते, पण ते नेमके आमच्या मधे उभे. त्यांनी पेन्सिलीनं दारावर टकटक केलं.

कुणी दार वाजवलं की वैजू खिदळत धावते.

काहीच नाही.

मग त्यांनी खिडकीला डोळे लावले. बराच वेळ.

"रिकामी आहे," ते म्हणाले, आणि तसं लिहून घेतलं.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मात्र ती रडावी असं वाटत होतं, निदान एकदा. त्यांनी चहा बशीत ओतून सावकाश घेतला. आत भांडंही हललं नाही.

ते गेल्यावर कुलूप काढलं. दोघी खिडकीखाली बसल्या होत्या. मला वाटलं होतं, गोजराबाईंनी पोरीचं तोंड दाबलं असेल. तसं नव्हतं. वैजूचा इवला तळवा गोजराबाईंच्या तोंडावर होता, आणि ती माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

गोजराबाईंनी तो हात हळूच बाजूला केला.

"मी नाय शिकवलं, ताई. माझं बघून शिकली."

उन्हं उतरायच्या आत त्यांनी बोचकं बांधलं. सासूबाईंनी समजावलं, आता घर पूर्ण झाल्याचा दाखला मिळेल, आता कसली भीती. सुरगाण्याकडच्या एका भाचीशिवाय त्यांना कुणी नव्हतं, आणि तिच्याच घरात पाय पसरायला जागा नव्हती.

"मिळंल की दाखला," त्या म्हणाल्या. "पन पोरीला हे यायला नको."

त्या पुढच्या फाटकातून गेल्या. बोचक्यातली भांडी वाजत होती, आणि त्यांनी ती दाबून धरली नाहीत. शेजारच्या विमलाबाई कुंपणाशी येऊन विचारू लागल्या, या कोण, कधी आल्या होत्या.

सासूबाईंनी माझा दंड धरला.

"गोजराबाई," मी म्हणाले. "आमच्याकडे राहत होत्या."