ठकूचं नवं बिऱ्हाड

“भुईजवळ धर, माले. उंचावरनं पडलं की जीव उरत न्हाई.”

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना टिटवीचं पिल्लू सापडलं, तेव्हा आई असं म्हणाली होती. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आई गेली, खडीचा रस्ता डांबरी झाला, आवाज तेवढा ओला राहिला.

तोच आवाज ऐकून मालनबाईनं टेबलावरची बरणी खाली फरशीवर घेतली.

बरणीत ठकू होती. तळहाताएवढी केसाळ कोळीण. गेल्या उन्हाळ्यात दूध सोसायटीच्या विहिरीचा काठ फोडताना बिळातून निघाली, मालनबाईनं फावड्याखालून वाचवली. तेव्हापासून मालनबाई सोसायटीत दुधाची फॅट तपासते, त्याच खोलीत ठकूचं बिऱ्हाड. आज सकाळी बरणीला तडा दिसला, अन् तड्यातून मुंगळ्यांची रांग. ठकूनं नुकती कात टाकलेली, अंग अजून कोवळं. मुंगळ्यांनी तिला जिवंत खाल्लं असतं.

शेजारी फरशीवरच नवं घर तयार होतं. भंगारात काढलेल्या तराजूची काचेची पेटी, वीतभर दमट माती, कौलाचा तुकडा, बाटलीच्या टोपणात पाणी.

“माणसाला आठ दिवसांनी टँकर, अन् किड्याला पाणी!” दारातून चेअरमन आप्पाराव गरजले. “सरक, मी चप्पल हाणतो.”

“टोपणभर हाय, आप्पा. माझ्याच घागरीतलं. चप्पल पायातच असू द्या, फरशी तापलीय.”

चहाची किटली घेऊन बसलेला सेक्रेटरी उत्तरेश्वर हसला, अन् आप्पारावांकडे बघून खोकला.

ठकूला बरणीबाहेर काढायचं, वर गिलास पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा. मालनबाईचा हात सवयीनं दाराबाहेरच्या खिळ्याकडे गेला. तिथं तिचा गिलास एकटाच टांगलेला. स्टीलचा. आतलं काही दिसायचं न्हाई, काठाखाली एखादा पाय चिरडायचा.

हात तिथूनच वळला. ट्रेमधले काचेचे गिलास धुऊन पालथे घातलेले. तिनं सोनेरी काठाचा उचलला.

“ए, माझा गिलास हाय तो!” आप्पाराव ओरडले.

“म्हणूनच घेतला. तोंड रुंद हाय.”

तिनं बरणी आडवी केली, मऊ कुंचल्यानं ठकूला मागून हळूच डिवचलं. ठकू फरशीवर आली अन् पुढचे पाय उभारून थांबली.

“अंगावर येतीय बे!” आप्पाराव मागं सरले.

“तुमी पाय आपटू नका, ती तिचे पाय खाली घेईल.”

गिलास पालथा पडला. आठही पाय आत, मोजून. पुठ्ठा सरकला. मालनबाई गुडघ्यांवर, गिलास भुईपासून चार बोटं वर, ओठांत आईची चाल:

काळी गं कोळीण, हिला आठ पाय
दुष्काळाच्या गावा, हिचं चुकलं काय

पेटीत गिलास टेकवून तिनं खालचा पुठ्ठा ओढला, गिलास उचलला. ठकू क्षणभर थबकली, मग कौलाखाली शिरली. मालनबाईनं झाकण लावलं. कपाळाचा घाम पुसला, त्याच पदरानं गिलास पुसला, अन् उत्तरेश्वरापुढं धरला.

“चहा वत.”

उत्तरेश्वरानं किटली उचलली खरी, पण धार पडेना. तो आप्पारावांकडे बघत राहिला.

“तिकडं काय बघतोस? वत.”

धार पडली. ती एक घोट प्याली.

“खडीवर माझ्या आईला वरनं पाणी वाढायचे. ती ओंजळीनं प्याली, गप बसली. मीबी इथं चौदा वर्षं गप बसले. साऱ्या गावाचं दूध माझ्या हाताखालनं जातंय, आप्पा, ते तुमाला चालतंय. मग माझा गिलास तेवढा बाहेर खिळ्याला कावून?”