लुत्फिय्या खालाच्या दाराची दोरी

"पोरीला कडेवर घेऊन त्या जिन्याने चढत जाऊ नकोस. त्या भिंतीचं पोट दिवसेंदिवस सुटत चाललंय," असं माझी नणंद सबाह मला म्हणाली होती. मी नुसतं हं म्हटलं आणि पीठ मळत राहिले. सबाहच्या इशाऱ्यांना अंत नव्हता. ओल्या केसांनी गच्चीवर जाऊ नकोस, तान्ह्या पोरीला आरसा दाखवू नकोस, सूर्य बुडाल्यावर मोरीत उकळतं पाणी ओतू नकोस, खाली जिन्न असतात. शिवाय सना शहराच्या जुन्या भागात पोट न सुटलेली भिंत आहे कुठे? शेजारच्या मोहल्ल्यावर बॉम्ब पडला तेव्हापासून आमची अख्खी गल्लीच जराशी पुढे वाकून उभी होती, कान देऊन ऐकत असल्यासारखी.

आणि तो जिना गल्लीतल्या लुत्फिय्या खालाच्या घराचा; तिच्याकडे गेल्याशिवाय माझा दिवस जात नसे. माझ्या पोरीचा, अबरारचा, जन्म झाला तेव्हा रोज रात्री विमानं यायची. माझी आई दूर ताइझला अडकली होती. माझे बाळंतपणाचे चाळीस दिवस खालाने काढले. तिची सगळी हयात सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या चादरी बदलण्यात गेलेली. गल्लीतल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा कोरड्या कापडात गुंडाळलं ते तिनेच. ती नर्स नव्हती आणि कुणी तसं म्हटलं की लगेच दुरुस्त करायची. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. चार मजल्यांच्या त्या उंच, अरुंद घरात खालचे मजले रिकामे, ती सगळ्यात वर एकटी राहायची. गुडघ्यांमुळे तिने खाली उतरणं कधीच सोडलं होतं. खिडकीतून टोपली सोडायची, समोरचा मसालेवाला यह्या तीत भाजी-पाव ठेवायचा, की टोपली वर.

दाराचंही तसंच. आमच्याकडच्या जुन्या घरांना खाली जाड लाकडी दार असतं आणि त्याच्या आतल्या खिटीला बांधलेली दोरी मजल्यामजल्यातून वरपर्यंत जाते. खाली कडी वाजली की वरून विचारायचं कोण आहे, आणि ओळख पटली की दोरी ओढायची. खिटी उचलली जाते, दार उघडतं. खालाला दोरीपर्यंत यायला बराच वेळ लागायचा. तेवढ्यात अबरार उंबऱ्यावर बसून मुंग्या बघायची.

मी भूगोल घेऊन पदवी मिळवली. आता तिचा उपयोग एवढाच, की कुठेही गेले की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवते. खालाच्या वरच्या खोलीत मात्र माझं ते सुटायचं. तिथल्या खिडक्यांच्या चुन्याच्या जाळीत रंगीत काचा होत्या. फुटल्या तिथे खालाने प्लास्टिक चिकटवलेलं. उन्हं वर आली की गादीवर लाल-निळे तुकडे पडायचे, अबरार ते वेचायला बघायची आणि वेचता वेचता झोपी जायची. आमच्या घरी ती दिवसा झोपतच नसे.

त्या दिवशी सकाळी मी कडी वाजवली आणि दार माझ्या हाताबरोबर आत गेलं.

मला बरंच वाटलं. खालाने खिडकीतून आधीच माझा आवाज ऐकला असेल. मी अबरारला कडेवर घेऊन जिना चढले. वर खाला नमाजाच्या आसनावर पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत. मला बघून दचकली.

"तू आत कशी आलीस?"

"तुम्हीच उघडलंत ना दार."

"मी? सकाळपासून दोरीला हात लावलेला नाही मी. म्हातारीची थट्टा करतेस होय?"

मी दोरीकडे पाहिलं. ती खिडकीच्या चौकटीतल्या खुंटीला बांधलेली असायची आणि कायम सैल, लोंबती. अबरार तिला झोके द्यायची. आता ती वाद्याच्या तारेसारखी ताठ होती. मी बोट लावलं तर घुमली. खुंटी भिंतीत होती. म्हणजे भिंत खुंटीला घेऊन बाहेर सरकली होती आणि खालची खिटी कुणी न ओढताच उचलली गेली होती.

खालाही बघत राहिली. मग तेलाची बाटली झाकण लावून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पोरीला घेऊन खाली जा. आतल्या बाजूने उतर, भिंतीला धरू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी गुडघ्यांना विचारून सांगते."

खाली आल्यावर मी अबरारला यह्याचाचांच्या दुकानात जिऱ्याच्या पोत्यावर बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी तराजू तसाच सोडला, दोन्ही जावयांना हाका मारल्या. माणसं जमली. सबाहही धावत आली. पण एवढ्यात वरून, जिन्याच्या पोकळीतून, खालाचा आवाज आला की ती घरच्या कपड्यांत आहे आणि ती तयार होईपर्यंत एकाही पुरुषाने पायरी चढायची नाही. पुरुष जागीच थांबले. कुणी हसलं नाही. तिला तयार करायला बाईमाणूस हवं होतं.

सबाहने माझा हात धरला. "तुला पोर आहे, अफराह."

"तिला बघ," मी म्हटलं.

त्या जिन्यावर मी पहिल्यांदाच एकटी होते, कडेवर वजन नव्हतं. प्रत्येक वळणावर वाटत होतं, परत फिरावं. भिंतीतून वाळू गळावी तसा बारीक आवाज येत होता.

वर खालाने स्वतःच मोठी लाल-निळी चादर अंगभर घेतली होती, तोंड झाकायचं तेवढं राहिलं होतं. आणि ती पलंगाशी उभी राहून बिछाना घालत होती.

मी म्हटलं, खाला, चला. ती म्हणाली, तिकडचं टोक धर. मी म्हटलं, भिंत पडतेय.

"पडू दे. चुरगळलेला बिछाना टाकून मी आजवर कुठल्या वॉर्डातून निघालेले नाही. तिकडचं टोक धर म्हणते ना."

मी धरलं. तिने चादर ताणली, कोपरा दुमडून गादीखाली सारला, तळहाताने एक सुरकुती काढली. मग कॉफीच्या टरफलांचा काढा ठेवला होता, त्याखालची चूल विझवली. मी तिच्या तोंडावरचं कापड बांधलं. ती म्हणाली, "मागे गाठ नीट मार. रस्त्यात सुटायला नको."

मी खाली आवाज दिला. मग आमच्या रिवाजाप्रमाणे पुरुष "अल्लाह, अल्लाह" म्हणत चढू लागले, बायकांनी आडोसा करावा म्हणून. भिंत सुटायला आली होती आणि तिघेही प्रत्येक मजल्यावर न चुकता तसं म्हणत होते. त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं, माना वळवून, तिच्याकडे न बघता.

"सावकाश, यह्या. मी काय हळदीचं पोतं आहे?"

"पोतं बडबडत नाही, खाला," यह्याचाचा म्हणाले.

रस्त्यात आल्यावर तिने कितीतरी वेळ डोळे मिटून घेतले. एवढं आकाश तिला एकदम सोसलं नसावं.

दुपारच्या नमाजाच्या वेळी पुढची भिंत खाली आली. कोसळली म्हणवत नाही. दमलेलं माणूस खाली बसतं तशी बसली. धूळ उठली, रंगीत काचांचा किणकिणाट झाला, आणि मग सगळं शांत. कुणालाही लागलं नाही. सबाह अबरारला छातीशी धरून रडत होती.

धूळ खाली बसली तसं घर समोरून उघडं दिसू लागलं. चौथ्या मजल्यावर खालाचा पलंग होता, ताठ चादरीचा. परक्या पुरुषाची नजर कधी न पडलेली ती खोली, आणि खाली गल्लीभर माणसं मान वर करून उभी.

खाला दुकानात बसली होती. लांबचं तिला दिसत नसे. तिने माझी बाही ओढली.

"अफराह, आतलं काही दिसतंय का गं रस्त्यातून?"

"नाही, खाला. नुसती माती आहे."

"मग ठीक," ती म्हणाली. यह्याचाचांनी ऐकलं असावं. ते बाहेर गेले आणि लोकांना आपापल्या कामाला लागा म्हणून सांगू लागले.

तिचा पुतण्या संध्याकाळी तिला घेऊन गेला. त्याचं घर शहराबाहेर, सिमेंटचं, तळमजल्यावर. मी दोनदा जाऊन आले. तिथे खिडकीबाहेर दुसऱ्या घराची भिंत आहे. मग आम्हाला मारिबला यावं लागलं, मधे लढाईची हद्द. रमजानपर्यंत पुतण्याचा फोन लागत होता, आता लागत नाही.

तुमच्या ओळखीचं कुणी सनाकडे जाणारं असेल, तर त्यांना एवढं सांगा. विमानतळाचा रस्ता, टायरवाल्याच्या मागची गल्ली, हिरव्या लोखंडी दाराचं घर. पुतण्या दिवसभर कामावर असतो, आत एक म्हातारी एकटी असते. नाव लुत्फिय्या. ऐकू तिला स्वच्छ येतं, पण उठून येईपर्यंत वेळ जातो. बेल वाजवून लगेच माघारी फिरू नका म्हणावं. थोडं थांबा.